मिसरीचं हसणं

अब्दुल गफ्फारची घोडी हसते, हे धामणगाव रेल्वेपासून अकोल्यापर्यंत लग्नघरच्या सगळ्यांना माहीत होतं. ती हसत नाही, हे फक्त दोघांना माहीत होतं. गफ्फारला आणि त्याच्या बायकोला, आमिनाला. घोडीला विचारलं असतं तर तिसरी साक्ष मिळाली असती, पण घोडीला विचारतो कोण!

गोष्ट अगदी साधी होती. गफ्फारच्या बापाच्या कानात असायचा तसाच गफ्फारच्याही कानात अत्तराचा फाया असायचा, म्हणजे हिन्याच्या अत्तरात भिजवलेला कापसाचा लहानसा बोळा. वरातीत योग्य वेळ आली की गफ्फार कान खाजवल्यासारखं करायचा, फाया बोटांत धरायचा आणि लाडानं कुरवाळावं तसा मिसरीच्या नाकाखालून हात फिरवायचा. तो झणझणीत वास नाकात शिरला की मिसरी मान उंच करायची, वरचा ओठ पार नाकपुड्यांवर गुंडाळायची, लांब पिवळे दात आभाळाला दाखवायची आणि श्वास सोडताना घशातून खु-खु-खु असा आवाज काढायची. जगातली कोणतीही घोडी हेच करेल. पण ज्याला माहीत नाही त्याला वाटतं, हसली. आणि लग्नाला आलेल्या माणसांना काय, काहीही वाटतं.

गफ्फारचा बाप टांगेवाला होता. धारणीच्या बाजारातून तट्टं आणून विकायचा, घोड्याचा डोळा पाहून त्याचं दुखणं सांगायचा. तो म्हणायचा, "जनावर हसत नाई बेटा. जनावराले काय पडलं हसाचं!" एकदा धारणीहून परतताना दिवसाढवळ्या जंगलात तरस हसल्याचा आवाज आला. लहानगा गफ्फार बापाला चिकटला. बाप म्हणाला, "हसून नाई राह्यलं ते. त्याच्या तोंडचा घास कोणंतरी पळवला असन." तेव्हापासून कोणी म्हणालं की गाढव हसतं, होला पक्षी हसतो, माकड हसतं, की गफ्फारला मनातून हसू यायचं. आणि त्याच गफ्फारवर म्हातारपणी घोडी हसवून पोट भरायची पाळी आली. नशिबाची थट्टा, दुसरं काय!

करता काय पण? ती वर्षंच तशी होती. कापूस घरात येईपर्यंत त्यातला जीव गेलेला असायचा. गावोगावी कॅमेरेवाले येत, नवरा गमावलेल्या बायकांच्या तोंडासमोर माईकचे दांडके धरत आणि निघून जात. लग्नं एकाच मैदानात, एकाच मंडपात घाऊक व्हायला लागली आणि नवरदेव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे राहून मिरवू लागले. ट्रॉलीतल्या नवरदेवाला घोडी कशाला लागते? धामणगावातल्या बाकीच्या घोडीवाल्यांनी घोड्या विकल्या. गफ्फारची मिसरी टिकली ती तिच्या त्या दातांमुळे.

त्यातही एक भानगड गफ्फारनंच करून ठेवली होती. अकोल्याला जठारपेठेत एका लग्नात मिसरीनं दात दाखवले, तेव्हा एक म्हातारी ओरडली, "नवरीचा पायगुण चांगला हाये व माय! घोडी हसली!" सगळ्यांनी गफ्फारकडं पाहिलं. गफ्फारनं नुसती मान हलवली. बस, तेवढंच. पण ती हललेली मान लग्नाच्या पंगतीपंगतीतून फिरली, आणि वर्षभरात अशी रीतच पडून गेली की मारोतीच्या पारावर नवरदेव घोडीवर बसला आणि घोडी हसली, की नवरी शुभाची. लोक त्याच्यासाठीच मिसरीला वरातीला बोलावू लागले. गफ्फारला पटत नव्हतं. पण पटत नाही म्हणून मिसरीच्या गव्हाणीत कुटार कोण टाकणार होतं?

त्या दिवशी सकाळी आमिना गोठ्यासमोर अंगण झाडत होती. ती एकदम ओरडली, "अजी, देखो तो! बगैर फाये के हस री अपनी मिसरी!"

गफ्फार खाटेवर पाय सोडून बसला होता. आदल्या दिवशी बडनेऱ्याला वरात होती. टेम्पोत घोडी घालून उन्हातान्हात परत यायला संध्याकाळ झाली होती, आणि त्याची कंबर धरली होती. त्यानं वळून पाहिलं. मिसरीनं मान वर केली होती, ओठ गुंडाळला होता, दात दिसत होते.

"आदत पड गई होंगी उसको," तो म्हणाला. "रोज रोज का धंदा है."

"अच्छा शगुन है," आमिना म्हणाली आणि पुन्हा झाडायला लागली.

गव्हाणीत रात्रीचं कुटार तसंच पडलं होतं. गफ्फारनं ते पाहिलं. उन्हानं भूक मेली असेल, असं म्हणून त्यानं खोगीर उचललं. थकलेल्या माणसाला सोपं तेच खरं वाटतं, त्याला आपण काय बोलावं!

लग्न धामणगावातच होतं. नवरी रागिणी. तिची आई वच्छला नवरा गेल्यावर शेतावरचं घर सोडून पोरीला घेऊन भावाकडं, देवमनकडं राहायला आली होती. नवरा, पुंजाराम, दोन वर्षांमागं फवाऱ्याचं औषध पिऊन गेला. हे धामणगावात सगळ्यांना माहीत होतं, आणि रागिणीला पाहायला येणाऱ्यांना यायच्या आधीच माहीत व्हायचं. पोरगी दिसायला नीट, बारावी शिकलेली, कामाला वाघ. पण चहा पिऊन झाला की पाहुणे हळूच विचारायचे, "बाप कायनं गेला म्हणता?" आणि मग निरोपच यायचा नाही. शेवटी जठारपेठेतल्या महादेवरावांचा गोपाल भेटला. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्यानं पोरगी पाहिली आणि घरी सांगून टाकलं, करीन तर हिच्याशीच. महादेवराव कुरकुरत तयार झाले. गोपालची आत्या ललिताबाई मात्र काही केल्या तयार होईना. तसल्या घरातली पोरगी आणायची म्हणजे तसलंच काही पाठोपाठ येतं, असं ती येता-जाता म्हणायची. हेही पुन्हा तोंडावर.

म्हणून देवमन आठ दिवस आधी गफ्फारच्या दारात येऊन बसला होता.

"चाचा, बाकी मले काई नको," तो म्हणाला होता. "पण तुमची घोडी हसली पायजे. त्या आत्याचं तोंड एकदाचं बंद झालं पायजे. ते बाई मांडवातून बी पोराले उठवून नेईन, असी हाये."

"हसन, देवमनभाऊ. बेफिकर राहा," गफ्फार म्हणाला होता.

अकोल्याची पॅसेंजर उशिरा आली. त्यामुळं वऱ्हाडी मारोतीच्या पारावर पोचले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. नवरदेवानं मारोतीला नारळ फोडला, हात जोडले, आणि बाशिंग सावरत मिसरीवर बसला. बँडवाल्यांनी वाजवणं थांबवलं. सगळे घोडीच्या तोंडाकडं पाहत उभे राहिले. ललिताबाई पुढंच होती, पदर कमरेला खोचून.

गफ्फारनं कानाकडं हात नेला. फाया बोटांत यायच्या आधीच मिसरीनं मान वर केली, ओठ वर गुंडाळला, दात दाखवले. खु-खु-खु.

"हसली! हसली!" एकच गलका झाला. बँड सुरू झाला. पोट्टे शिट्ट्या वाजवायला लागले. महादेवरावांनी फेट्याचं शेपूट मागं टाकलं आणि बहिणीकडं असं पाहिलं की, घे आता! ललिताबाईनं कमरेला खोचलेला पदर सोडला.

गफ्फारचा हात कानापाशीच राहिला. फाया तर कानातच होता.

वरात निघाली. चार पावलं गेली नाहीत तो मिसरी पुन्हा हसली. मग तिनं मान वळवून स्वतःच्या पोटाकडं पाहिलं. मग पुढच्या पायानं रस्ता उकरला. गफ्फारनं तिच्या मानेवर हात ठेवला. कानाच्या मागं घामानं चिंब झाली होती, आणि उन्हातला घाम असतो तसा तो नव्हता, गार होता. त्यानं लगाम धरल्या हातानं तिला थोपवलं आणि तिच्या कुशीला कान दाबून धरला. आत नेहमी गुडगुड चालू असते. आत काहीच वाजत नव्हतं.

या अल्ला! पोटशूळ.

त्याच्या बापानं त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा शिकवलं होतं. वासाशिवाय घोड्यानं ओठ वर केला तर त्याच्या पोटात आग आहे. पाठीवरचं ओझं लगेच उतरव. हिंग, काळं मीठ आणि जवसाचं तेल पाज. हळूहळू चालव, लोळू देऊ नको, नाही तर आतडं पिळतं, आणि पिळलं की खेळ खलास. सगळं त्याला येत होतं. सकाळी आमिनानं दाखवलं तेव्हाही येत होतं. पण इतकी वर्षं तो ओठ त्यानं स्वतःच वर करवला होता, पैशासाठी, टाळ्यांसाठी. त्यामुळं तो ओठ आपोआप वर झाला तेव्हा त्याला त्यात दुखणं दिसलंच नाही. धंदाच दिसला. काल बडनेऱ्याच्या बायकांनी कौतुकानं घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ खाऊ घातली होती. एकीनं घातली म्हणून दुसरीनं, हसती घोडी आपल्या हातून खाते म्हणून तिसरीनं. त्यानं नको म्हटलं नव्हतं. आणि वर टेम्पोत दिवसभर पाण्याचा घोट नाही.

तो महादेवरावांजवळ सरकला. "मालक, नवरदेवाले जरासंक खाली घेता का? थोडा वेळ. पुढं बसवू पुन्हा."

"काहून?" महादेवराव म्हणाले.

त्यांच्या आधी ललिताबाईनं ऐकलं. "खाली? मारोतीपासून मांडवापर्यंत नवरदेवाचा पाय भुईले लागत नाई, हे तुमाले सांगा लागते का आता? इतक्या वराती केल्या ना तुमी?"

"तसं नाई बाई, घोडी जरा..."

"घोडीले काय झालं?" ती एकदम सावध झाली. बँडच्या आवाजावर आवाज काढून म्हणाली, "काय झालं घोडीले? आजारी पडली का? त्या घराच्या वाटेवर येता येताच आजारी पडली का? महादेवा, मी तुले काय म्हणत होती!"

मागचे वऱ्हाडी थांबले. वरून गोपाल वाकून म्हणाला, "आत्या, घोडी घामेजली वाटते. मी उतरतो ना, त्यात काय हाये."

"उतरशीन अन् मंग पाहशीन!" ललिताबाई कडाडली. "पाय खाली ठेवला की मी इथूनच टेसनावर जातो. मंग करा तुमचं लगन, पाहतो मी कोण येते मांडवात!"

महादेवरावांचा चेहरा उतरला. हा माणूस वाईट नव्हता, नुसता ढिला होता. बहीण परत गेली तर निम्मे वऱ्हाडी तिच्या मागं जाणार आणि उरलेल्या निम्म्यांत तो स्वतः असणार, हे गफ्फारला त्याच्या तोंडावर लिहिल्यासारखं दिसलं. गल्लीच्या टोकाशी मांडव दिसत होता. देवमन हार घेऊन वाट पाहत उभा होता, नवाकोरा सदरा, त्याची कॉलर मानेला टोचत होती म्हणून सारखी मान फिरवत होता. आत रागिणी हळदीच्या अंगानं बसली असणार. वच्छला कुठं दिसत नव्हती. ती दिसणार नव्हतीच. पांढऱ्या कपाळाच्या बाईला वरातीसमोर कोण येऊ देतं? पोटच्या पोरीचं लग्न का असेना!

"बोला ना गफ्फारमिया," महादेवराव म्हणाले. "घोडीले काय झालं?"

गफ्फारनं मिसरीकडं पाहिलं. तिनं पुन्हा ओठ वर केला. बारा वर्षांची घोडी. शिंगरू होती तेव्हा आमिनानं तिला बाटलीनं दूध पाजलं होतं. तिचं खरं बोलायला एवढ्या गर्दीत तोच एक होता. आणि तो खरं बोलला तर आत बसलेल्या त्या पोरीच्या कपाळावर कायमचं लागणार होतं की हिच्या दारात नवरदेवाची घोडी कोसळली. मग गोपाल नाही आणि गोपालनंतर दुसराही कोणी नाही.

"काई नाई जी," तो म्हणाला. "खुश हाये. नवरीचा पायगुण समजला तिले. म्हणून सारखी हसूनच राह्यली. इतकी कदी हसली नाई. मले वाटलं, नवरदेव दचकन, म्हणून म्हटलं."

मग कोणीतरी हसलं, बँडवाल्यानं ढोलावर टिपरी मारली आणि वरात हलली.

आता त्याला एकच दिसत होतं, मांडव. बँडसमोर नाचणाऱ्या पोट्ट्यांना तो हातानं बाजूला करत होता. "चला बावा, चला, मुहूर्त निघून राह्यला." एकानं नोटा ओवाळायला थांबवलं तर त्याच्यावर खेकसला. लोक म्हणाले, आज गफ्फारचाचाला घाई झाली वाटतं! मिसरी अडखळत होती. तिच्या मानेखाली त्यानं आपला खांदा घातला आणि तिचा भार अंगावर घेत तो चालू लागला. लोकांना वाटलं, काय प्रेम आहे बघा दोघांचं! तिच्या कानाशी तो पुटपुटत होता. "चल बेटा. हे पाह्य, आलंच. बस, आलंच. मग तुले पानी देतो, हिंग देतो, आराम कर मंग पायजे तितका. चल माहे माय." ती चालत होती. का चालत होती, ते तिलाच ठाऊक. दर थोड्या पावलांनी ती दात दाखवी आणि दर वेळी टाळ्या पडत. गच्च्यांवरून बायका लाह्या फेकत होत्या, त्या तिच्या ओल्या मानेला चिकटत होत्या. गफ्फारच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मे महिन्याच्या उन्हात म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी कोण पाहतं!

मांडवाच्या दारात देवमननं नवरदेवाला हार घातला. ललिताबाई आरतीचं ताट घेऊन आली. तिनं भाच्याला ओवाळलं. मग थांबली, आणि घोडीलाही ओवाळलं, तिच्या कपाळाला कुंकू लावलं. "लक्षुमी हाये बाई," ती म्हणाली. आवाज एकदम मऊ झाला होता. "माह्या जिवाले लय घोर होता. देवानं मुक्या जनावराच्या तोंडून सांगलं."

नवरदेवाचा पाय पाटावर पडला. गोपाल उतरता उतरता म्हणाला, "चाचा, हे तर ओलीचिंब झाली."

"गरमी हाये, बेटा. जा तू," गफ्फार म्हणाला. त्यानं लगाम ओढला.

मांडवाच्या मागं जिनिंगची पडकी भिंत होती आणि भिंतीपलीकडं एक कडुनिंब. तिथवर त्यानं तिला नेलं. आचाऱ्याकडून हिंग मागून आणला, तेल आणलं. खोगीर काढायला हात घातला तोवर मिसरी पुढच्या गुडघ्यांवर बसली आणि मग कुशीवर पडली. तिनं एकदा लोळायचा प्रयत्न केला. गफ्फारनं तिच्या जबड्यात तेल ओतलं, ते जिभेवरून बाहेर आलं. ढोरांच्या डॉक्टरला बोलवावं तर कोणाला पाठवणार आणि काय सांगून पाठवणार? मिसरीचं पोट ढोलासारखं ताणलं होतं. मांडवात कर्ण्यावरून मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक 'सावधान'ला गलका उठत होता. तिचं डोकं मांडीवर घेऊन तो बसून राहिला. मिसरीनं शेवटचा ओठ वर केला, आणि तो मग खाली आला नाही.

गफ्फारनं तो दोन बोटांनी खाली ओढून पाहिला. सोडला की पुन्हा वर जात होता. त्यानं तिचे डोळे मिटले, कपाळावरचं कुंकू घामात पसरलं होतं ते बाहीनं पुसलं. काही सुचेना. बापाची आठवण आली. बरं झालं बाप नाही, असंही वाटलं.

"गफ्फारमिया! अहो गफ्फारमिया!"

महादेवराव भिंतीच्या कोपऱ्याकडं येत होते. गफ्फार लगबगीनं उठला आणि घोडी दिसायच्या आत, भिंतीच्या अलीकडंच त्यानं त्यांना गाठलं.

"कुठं दडले बावा?" महादेवरावांचं तोंड पेढ्यानं भरलेलं होतं. त्यांनी गफ्फारच्या हातावरही एक पेढा ठेवला. "मानलं तुमच्या घोडीले! माही बहीण आता सूनबाईले जवळ घेऊन बसली, माहीत हाये का? सोडूनच नाई राह्यली. म्हणते, असी सून भाग्यानं भेटते. काय चीज हाये हो तुमची घोडी! ऐका, पुढच्या महिन्यात माह्या पुतण्याचं हाये अकोल्याले. हेच घोडी पायजे. अन् असीच हसली पायजे, आजच्यासारखी."

"जी," गफ्फार म्हणाला.

"नक्की?"

"जी, नक्की."

महादेवराव त्याच्या पाठीवर थाप मारून गेले. गफ्फार भिंतीमागं परतला तेव्हा तिथं कोणीतरी उभं होतं.

वच्छला होती. फिक्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेला, हातात पाण्याची बादली. अक्षता पडेपर्यंत ती इथंच कुठंतरी मागच्या अंगाला, आचाऱ्यांच्या चुलींजवळ बसली असणार. माझ्या पोरीच्या वरातीत घोडी इतकी हसली, तर तिला माझ्या हातानं पाणी तरी पाजावं, म्हणून आली असणार. बादली तिनं खाली ठेवली नव्हती. ती मिसरीच्या ताणलेल्या पोटाकडं पाहत होती, उकरलेल्या मातीकडं, वर गुंडाळलेल्या ओठाकडं. जन्मभर ढोरावासरांत राहिलेली बाई. तिला सांगायला काही लागणार नव्हतं.

"हे हसत नोती, चाचा," ती म्हणाली. "इचं पोट दुखत होतं."

गफ्फारनं मिसरीच्या मानेला चिकटलेली एक लाही काढली.

"अख्ख्या रस्त्यानं दुखत होतं इचं. अन् तुमी चालवत आणलं?" तिचा आवाज चढला. "इतक्या उमरीचे माणूस तुमी. घोड्यायमंधी जलम गेला तुमचा. मुकं जनावर तोंड वर करू करू सांगत होतं, अन् तुमाले समजलं नाई? लोकं टाळ्या वाजवत होते, त्यायचं ठीक हाये, ते बाहेरचे. पण तुमी? तुमच्या घरचं होतं ना ते!"

तिनं बादली धाडकन खाली ठेवली. पाणी हिंदकळून तिच्याच पायांवर सांडलं. गफ्फार मान खाली घालून उभा होता. हातात पेढा तसाच होता. बोल माय, त्याला वाटत होतं, बोल. कोणीतरी बोलायलाच पाहिजे होतं.

पण ती एकाएकी थांबली. खाली वाकली आणि मिसरीच्या गालाला तिनं हात लावला.

"आमचं बी असंच झालं," ती म्हणाली. आता ती त्याच्याशी बोलत होती की घोडीशी, कळत नव्हतं. "रागिणीचे बाबा. शेवटच्या आठ दिवसांत लय हसे तो माणूस. पोरीची मस्करी कर, माही मस्करी कर. बाजारातून येताना गाणं म्हणत आले एका दिवशी. वर्षभर ज्याच्या तोंडातून शब्द निघत नोता, तो. मी शेजारच्या बाईले सांगलं, बरं वाटून राह्यलं आता यायले. देवाले नारळ बी फोडला मी." तिनं मिसरीच्या कपाळावरून हात फिरवला. "ढोराचं दुखणं मले कोसावरून समजते, चाचा. अन् बाजूले झोपलेल्या माणसाचं नाई समजलं. सासू मरेपर्यंत मले म्हणत राह्यली, तुले कसं समजलं नाई. भाऊ तोंडानं म्हणत नाई, पण त्याच्या बी मनात हाये. तेच मी तुमाले बोलली आता."

मांडवात कोणीतरी माईकवर पंगतीची सूचना देत होतं. वच्छलानं मान वर करून गफ्फारकडं पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि त्यांत राग उरला नव्हता.

"तुमाले खरंच नोतं समजलं, चाचा?"

खरं त्याच्या ओठांवर आलं होतं. मला समजलं होतं, माय. मारोतीपासून चार पावलांवरच समजलं होतं. मी ओळखत नाही असं घोड्याचं दुखणं या जिल्ह्यात नाही, हे माझ्या बापानं कमावलेलं नाव आहे. हे एवढंच नाव त्याच्यापाशी उरलं होतं. घोडी तर गेलीच होती.

"नाई, बाई," गफ्फार म्हणाला. "मले बी नाई समजलं."

वच्छला कितीतरी वेळ त्याच्याकडं पाहत राहिली. मग ती मिसरीच्या डोक्याशी भुईवर बसली, पदर तोंडात कोंबला, आणि रडायला लागली. गफ्फारही तिच्यापासून जरा अंतरावर, भिंतीला टेकून खाली बसला. मांडवातून देवमन हाका मारत होता, नवरीच्या आईला जेवायला बोलवत होता. दोघांपैकी कोणीच ओ दिली नाही.